चार पेनींचा विमा

वाचकहो, कमावत्याला औषध मिळावे, आणि घरधनीण अंथरुणाला खिळली तर तिने काय करावे? ब्रिटनमध्ये हा प्रश्न घरोघर होता. १९११ च्या कायद्याप्रमाणे पुरुष कामगार आठवड्याला ४ पेनी भरी, मालक ३, सरकार २. कारभार मान्यताप्राप्त संस्थांकडे असे. त्यांत खाजगी विमा कंपन्यांच्याही संस्था होत्या. कामगाराला डॉक्टर मिळे. घरी राबणाऱ्या बायकोला, पोरांना मिळत नसे. सधन संस्था दात-चष्म्याचाही खर्च देत, गरीब संस्थांना ते झेपत नसे. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. आरोग्यमंत्री होते अन्यूरिन बेव्हन. खर्च मुख्यतः करांतून, उपचार सर्वांना. खाजगी विमा तरीही राहिला, पण जोडीला. विमा हप्ता पाहतो. आजार तो पाहत नाही, हे विसरू नका.