काठ कुठपर्यंत? लुगडं, नजर आणि महाड

आजचा भाग कपड्यांवर आहे. पण घाबरू नका, यंदाच्या दिवाळीत काय घ्यावं हे मी सांगणार नाहीये. आज बोलायचंय ते एका रेघेबद्दल. साडीच्या काठाची रेघ. ती अंगावर नेमकी कुठे पडते, आणि त्यावरून बघणाऱ्याला समोर कोण दिसतं, याची ही गोष्ट आहे.

सुरुवात दुकानातून करू. आरशासमोर उभं राहून आपण कापड अंगाला लावून बघतो, आणि मागून कुणीतरी म्हणतंच, "आडव्या रेघांचं नको, जाड दिसशील. उभ्या रेघा घे." हा सल्ला आपण इतक्या वेळा ऐकलाय की तो आपल्याला खराच वाटतो. आता गंमत ऐका. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ नावाचा एक जर्मन शास्त्रज्ञ होता. डोळा कसा बघतो, यावर त्याचा मोठा ग्रंथ आहे. १८६७ मध्ये त्याने लिहून ठेवलं की एकाच मापाचे दोन चौकोन घ्या, एकात आडव्या रेघा भरा, दुसऱ्यात उभ्या. आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद दिसतो, उभ्या रेघांचा रुंद दिसतो. म्हणजे दुकानातल्या सल्ल्याच्या बरोब्बर उलट! बायकांच्या कपड्यांचं उदाहरणही त्यानेच दिलंय. आडव्या पट्ट्यांनी बाई उंच दिसते, असं. पुढे २०११ मध्ये इंग्लंडातल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांच्या आकृत्यांवर हे तपासलं, आणि आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो याला आधार मिळाला नाही.

मग आपण इतकी वर्षं उलटंच का बघत आलो? कारण डोळा एकटा बघत नाही. त्याच्यामागे आपल्याला शिकवलेलं सगळं उभं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता आपण लुगड्याकडे वळतोय.

लुगडं म्हणजे नऊ वार, साधारण सत्तावीस फूट कापड. त्याला ना शिवण, ना बटण, ना माप. म्हणजे ते कसं दिसणार हे शिंपी ठरवत नाही, नेसणं ठरवतं. त्यात डोळ्याला धरून ठेवणाऱ्या रेघा तीन: निऱ्या, पदर आणि काठ. यातला काठ सगळ्यात बोलका, कारण विणतानाच त्याचा रंग वेगळा घेतलेला असतो. सहावारी गोल साडीत हा काठ पायाशी वर्तुळ करून जमिनीलगत थांबतो. नऊवारीत काष्टा घातला की तोच काठ पायांवरून तिरका जातो, पोटरीभोवती वळतो आणि मागे खोचला जातो. तो घोट्यापर्यंत उतरवायचा की गुडघ्यापर्यंत वर घ्यायचा, हे मात्र नेसणारीच्या हातात असतं.

खरंच हातात असतं का? इथे खरा इतिहास सुरू होतो.

वर खोचलेलं लुगडं हे मुळात कामाचं नेसणं. भाताच्या चिखलात लावणी करायची, डोक्यावर टोपली घेऊन चालायचं, तर कापड पायात येऊन कसं चालेल? कोळणींचं आखूड नेसणं आजही आपण बघतो, आणि ते किती रुबाबदार दिसतं! उलट पुण्या-मुंबईतल्या पांढरपेशा घरांत काठ घोट्यापर्यंत. म्हणजे काठ जितका खाली, तितकी बाई 'घरंदाज', असा एक हिशेब बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पक्का बसला.

हा हिशेब किती पक्का होता, ते रंगभूमीवर बघा. १९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'संगीत मानापमान' रंगमंचावर आलं. त्यात भामिनी ही श्रीमंत घरची मुलगी. धैर्यधर गरीब म्हणून ती त्याचा अपमान करते. पुढे तीच साध्या कपड्यांत, वनमाला बनून त्याच्यासमोर येते, आणि तो तिला ओळखतच नाही, उलट तिच्या प्रेमात पडतो. चेहरा तोच, आवाज तोच. बदललं काय, तर कपडे. आणि हे सगळं करणारी भामिनी मुळात बाईच नव्हती! ते होते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व.

बालगंधर्वांचे स्त्रीवेशातले जुने फोटो कधी निवांत बघा. अंगभर घेतलेला पदर, डोक्यात फुलं, नाकात नथ. पदर असा खांद्यांवरून ओढून घेतला की खांद्यांची रुंदी झाकली जाते, आणि नजर पदराच्या काठावरून सरळ चेहऱ्याकडे जाते. नऊवारीचा घेर कमरेखालचा आकार लपवतो. एका पुरुषाला बाई म्हणून उभं करायला त्यांचा अभिनय आणि गळा होताच, पण ही सत्तावीस फुटांची कारागिरीही होती. आणि पुढे काय झालं? त्या काळातल्या खऱ्याखुऱ्या बायका त्यांच्यासारख्या साड्या नेसायला लागल्या, त्यांच्यासारखे केस बांधायला लागल्या. 'चांगल्या घरची बाई' कशी दिसावी, याचा नमुना एका पुरुषाने घालून दिला. म्हणजे ते रूप जन्माने येत नाही. ते नेसता येतं, शिकता येतं.

हीच गोष्ट सोळा वर्षांनी महाडला घडली. फक्त तिथे ते नाटक नव्हतं.

१९२७ चं महाड म्हटलं की आपल्याला २० मार्चचं चवदार तळं आठवतं, आणि २५ डिसेंबरचं मनुस्मृतीचं दहन आठवतं. त्याच डिसेंबरच्या परिषदेच्या शेवटी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी वेगळं बोलले. मुलींना शाळेत पाठवा, मेलेल्या जनावराचं मांस घरात शिजवू नका, हे त्यांनी सांगितलं. आणि त्याच भाषणात ते लुगड्यावरही बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गुडघ्यापर्यंत वर नेसलेलं लुगडं, गळ्यातल्या जाड माळा आणि हातभर धातूच्या बांगड्या-गोठ, ही तुमच्या अस्पृश्यतेची ओळख झाली आहे. वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या बायका नेसतात तसं नेसा. त्याला काही जास्त पैसा लागत नाही.

शेवटचा मुद्दा नीट बघा. लुगडं तेच. नवं विकत घ्यायचं नाही, जर-रेशीम नको. फक्त काठ गुडघ्यावरून घोट्यापर्यंत खाली आणायचा. एक वीतभर अंतर! पण त्याच अंतरावरून गावातला माणूस लांबूनच ठरवायचा, ही बाई कोण, हिला पाणवठ्यावर येऊ द्यायचं की नाही, हिच्याशी 'अगं' म्हणून बोलायचं की 'अहो'.

आणि तिथल्या बायकांनी 'बघू पुढे' म्हटलं नाही. महाडमध्येच नेसणं बदललं. आंदोलनातले कार्यकर्ते चित्रे आणि टिपणीस यांच्या घरातल्या स्त्रियांनी त्यांना तसं नेसायला मदत केली. चळवळीतल्या या बायकांच्या आठवणी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात जपल्या आहेत. मिळालं तर जरूर वाचा.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, "पण हे वरच्या जातींचं अनुकरणच झालं ना? आखूड नेसण्यात वाईट काय होतं?" प्रश्न रास्त आहे. आखूड नेसण्यात वाईट काहीच नव्हतं. चिखलात काम करणाऱ्या बाईने काष्टा वर घ्यावा, हे शहाणपणच आहे. पण कामाहून घरी आल्यावर, लग्नाला जाताना, बाजारात जातानाही तो वरच राहिला, आणि खाली आणला तर गाव डोळे वटारेल अशी भीती असली, तर तो काठ कामाचा राहत नाही. तो शिक्का होतो. अनेक गावांत कोणी काय नेसायचं, कुठला दागिना घालायचा यावर बंधनं होतीच. महाडच्या बायकांनी काठ खाली आणला तो सुंदर दिसायला नाही. लांबून ओळखू येऊ नये म्हणून, आणि निवड आपली असावी म्हणून.

पुढे शहरांत गोल साडी आली, काष्टा गेला, आणि काठ किती वर हा प्रश्न हळूहळू मागे पडला. आता तर नऊवारी शिवून मिळते, दोन मिनिटांत चढवायची आणि लग्नात मिरवायची. छानच आहे. आखूड काष्टा आज ढोलपथकात अभिमानाने दिसतो. रेघ तीच आहे, तिच्याकडे बघणारे बदललेत.

तर मंडळी, आज एक काम करा. घरात जुना फोटो असेल, आजीचा, पणजीचा, तर तो काढा. चेहरा नंतर बघा. आधी काठ कुठपर्यंत आलाय ते बघा. आणि घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना विचारा, "तो तिथे कुणी ठरवला होता?" जे उत्तर मिळेल ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या.