तबकडीचे पाठभेद

नामदेवांच्या नरसीत पाठभेद म्हणजे काय हे सांगायला नको. त्यांचे अभंग एका बाडातून दुसऱ्या बाडात उतरले. लिहिणाऱ्याने कुठे शब्द गाळला, कुठे पदरचा घातला. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या नव्या आवृत्त्यांचेही असेच आहे. हौशी संग्राहकाला मात्र ते जाणवत नाही.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहरजानला कर्ण्यापुढे गायला लावले. लाखेची तबकडी, एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे! अब्दुल करीमखाँसाहेबांनी पुढे तेवढ्यातच राग उभे केले. अल्लादियाखाँसाहेब या वाटेला गेलेच नाहीत. शिष्या केसरबाई केरकरांच्या तबकड्यांमुळे त्या गायकीचा कानोसा लागतो. १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलेली केसरबाईंची भैरवी साडेतीन मिनिटांचीच.

आरंभी मिनिटाला ७८ फेऱ्या हा वेग पक्का झालेला नव्हता. ७४ फेऱ्यांनी भरलेली तबकडी ७८ने उतरवली, की काळी एकमधली गायिका जवळजवळ पांढरी दोनमध्ये चढते, लयही धावू लागते. मग नवी लाँगप्ले कितीही गुळगुळीत असो, गाणे खोटे! खरखर फार पुसली तर तिच्याबरोबर तंबोऱ्याची जवारीही जाते. मला तर थोडी खरखर चालते.

म्हणून भारी किमतीची आवृत्ती घेताना मूळ तबकडी कोणती, कोणत्या वेगाने उतरवली, हे वेष्टनावर छापले आहे का ते पाहावे. आणि नवी आली म्हणून घरातली लाखेची तबकडी मोडीत घालू नये. पुढे पाठ ताडून पाहणारा तीच मागेल.