घरातला अलार्म विनाकारण वाजतोय? दोष शोधा या क्रमाने

चोर नसताना रात्री दोन वाजता सायरन वाजला, तर पहिल्या दिवशी शेजारी धावत येतात. चौथ्या वेळेला कोणी खिडकीसुद्धा उघडत नाही. घरचेही वैतागतात आणि सिस्टिम कायमची बंद करून ठेवतात. म्हणजे पैसे गेले आणि सुरक्षाही गेली. खरं तर यातले बरेचसे दोष साधे असतात. ते मी ज्या क्रमाने तपासतो, तो क्रम इथे देत आहे. लागेल फक्त एक मल्टिमीटर आणि स्क्रू ड्रायव्हर.

सुरू करण्याआधी

पॅनेल डिसआर्म करा आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. वायर काढायची असेल तर आधी २३० व्होल्टचा मेन स्विच बंद करा, मग बॅटरीची एक वायर काढा. पॅनेलचं झाकण उघडल्यावर टॅम्पर स्विचमुळे सायरन वाजू शकतो, त्याला घाबरू नका. ट्रान्सफॉर्मरच्या मेन बाजूला मात्र हात लावू नका. ते काम इलेक्ट्रिशियनचं.

१. कोणता झोन वाजला?

सेन्सर बदलण्याची घाई करू नका. पॅनेलच्या लाइट्स किंवा इव्हेंट लॉग पाहून झोन नंबर आणि वेळ लिहून ठेवा. दर वेळी एकच झोन असेल तर दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. झोन बदलत असतील तर आधी पॉवर सप्लाय तपासा.

२. बॅटरी

लाइट गेल्यावर किंवा आल्यावर सायरन वाजत असेल तर माझा पहिला संशय बॅटरीवर असतो. बऱ्याच वायर्ड पॅनेलमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सील्ड बॅटरी असते आणि ती साधारण ३ ते ५ वर्षं टिकते. मेन बंद करून पॅनेल अर्धा तास बॅटरीवर चालवा. व्होल्टेज १२ च्या आसपास टिकलं तर ठीक. भराभर ११ च्या खाली आलं तर बॅटरी बदला. नवी जोडताना लाल वायर प्लसलाच जोडा. वायरलेस सेन्सरमध्ये छोटे सेल असतात. त्यातला एक संपला असेल तर बाकीचेही तपासून घ्या.

३. दाराचा मॅग्नेटिक सेन्सर

यात चौकटीवर रीड स्विच आणि दारावर मॅग्नेट असतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, बिजागरी सैल होते आणि दोघांमधलं अंतर वाढतं. मग वाऱ्याने दार जरा हललं तरी अलार्म वाजतो. दार बंद करून एक सुटा मॅग्नेट स्विचजवळ धरा. झोन नॉर्मल झाला तर फक्त अंतर कमी करायचं आहे. तरीही झाला नाही, तर स्विच किंवा वायर खराब आहे.

४. मोशन सेन्सर

हा सेन्सर हालचाल ‘बघत’ नाही, समोरच्या उष्णतेतला बदल ओळखतो. त्यामुळे लेन्सवरून चालणारी पाल किंवा कोळी अगदी जवळ असल्याने त्याला मोठा वाटतो. दुपारचं थेट ऊन, गरम खिडकीवर हलणारा पडदा, एसीचा झोत यांनीही तो फसतो. लेन्स मऊ कोरड्या कापडाने पुसा, वायरचं भोक सिलिकॉनने बंद करा आणि सेन्सरचं तोंड खिडकीकडे ठेवू नका. पॉवर दिल्यावर त्याला स्थिर व्हायला साधारण एक मिनिट लागतो, तोवर टेस्ट करू नका.

५. दोष वायरमध्ये की पॅनेलमध्ये?

इथे एक छोटी युक्ती. बऱ्याच पॅनेलमध्ये प्रत्येक झोनच्या शेवटी, म्हणजे सेन्सरपाशी, एक रेझिस्टर असतो. त्याची किंमत मॅन्युअलमध्ये दिलेली असते. पॅनेलवरून झोनच्या दोन्ही वायर काढा आणि त्या जागी त्याच किमतीचा रेझिस्टर थेट लावून पॉवर द्या.

- झोन नॉर्मल झाला: पॅनेल ठीक, दोष बाहेर आहे.
- तरीही फॉल्ट: पॅनेल सर्व्हिसला द्या.

दोष बाहेर असेल तर काढलेल्या वायरचा रेझिस्टन्स मोजा. सेन्सरला सप्लाय लागत नाही अशा दाराच्या झोनवर हे सोपं जातं. दार बंद असताना रीडिंग रेझिस्टरच्या किमतीएवढं यायला हवं. शून्याजवळ आलं तर वायर शॉर्ट आहे. काहीच आलं नाही तर वायर तुटली आहे किंवा स्विच बंद होत नाही. आकडा नाचत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा गंजलाय. किनाऱ्याजवळच्या घरांत हे हमखास बघा.

६. सायरन वाजतो, पण फोन येत नाही

आधी सिमची व्हॅलिडिटी बघा. पॅनेलमधलं सिम रिचार्ज करायचं सहज राहून जातं. सिमवर पिन लॉक असेल तर काढा. पॅनेल फक्त २जी असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओचं २जी नेटवर्कच नाही.

महिन्यातून एकदा

विनाकारण वाजणारा अलार्म निदान आपलं दुखणं सांगतो. गप्प बसलेला दोष जास्त घातक. म्हणून मी महिन्यातून एकदा प्रत्येक दार उघडून, प्रत्येक मोशन सेन्सरसमोरून चालून आणि मेन बंद करून सायरन व फोन दोन्ही तपासतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. बॅटरी बदलल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहून ठेवा, पुढच्या वेळी अंदाज बांधत बसावं लागणार नाही.