हस्तरंगीत मृत्पात्रे : ओळख आणि पावसाळ्यातील निगा

पौड : पिरंगुट, पौड ते ताम्हिणी या पट्ट्यात पुणेकरांचे अनेक बंगले उभे राहिले आहेत. शहरातील घरात न मावणाऱ्या शोभेच्या वस्तू साहजिकच येथे येतात. त्यात ग्रीसच्या सहलीतून आणलेल्या फुलदाण्या असतात आणि क्वचित आजोबा-पणजोबांच्या काळातील मुंबईचे एखादे रंगीत पात्रही असते. दोन्ही हातांनी रंगविलेली; मात्र त्यांची घडण, मोल आणि निगा भिन्न आहे. मुळशीच्या मुसळधार पावसात हा भेद न जाणणाऱ्याचे नुकसान ठरलेले.

ग्रीक पात्रे
इसवी सनापूर्वी सातव्या शतकात कॉरिंथ येथे आणि पुढे अथेन्समध्ये काळ्या आकृत्यांची शैली बहरली. इ.स.पू. ५३०च्या सुमारास काळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या आकृत्या आल्या. हा काळा थर म्हणजे रंग नव्हे. अतिशय बारीक मातीचा लेप भट्टीतील हवा रोखून काळा केला जाई. आज पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा प्रतिकृतींवर मात्र भाजून झाल्यानंतर रंग दिलेला असतो. बुडाशी ‘ग्रीसमध्ये हाताने बनविलेले’ किंवा ‘प्राचीन पात्राची प्रतिकृती’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असल्यास ती स्मरणवस्तू समजावी.

मुंबईची ‘अजिंठा’ पात्रे
प्राचीन चित्रे भांड्यांवर उतरविण्याचा असाच प्रयोग महाराष्ट्रातही झाला. १८५७ साली सुरू झालेल्या सर ज. जी. कला महाविद्यालयात (तत्कालीन बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट) १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने मृत्पात्रांचे काम सुरू झाले. त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्स आणि विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. त्यामुळे काही पात्रांवर अजिंठ्याच्या आकृत्या, तर काहींवर सिंधमधील पारंपरिक वेलबुट्टी दिसते. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही पात्रे पाहता येतात.

ओळख कशी पटवावी?
भिंगातून पाहावे. एकसारख्या बारीक ठिपक्यांची जाळी दिसल्यास चित्र छापील आहे. कुंचल्याचे कमी-अधिक जाड फटकारे दिसल्यास हातचे. रंग काचेसारख्या झिलईखाली आहे की पृष्ठभागावर, हे तिरप्या प्रकाशात कळते. बुडाची कड, खूण आणि नैसर्गिक झीज तपासावी. केवळ झिलईला बारीक तडे आहेत म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. तसे तडे मुद्दामही पाडता येतात. नखाने खरवडून परीक्षा घेऊ नये.

निगा
झिलई नसलेली माती ओल शोषते. मग बुरशी येते, पांढरे क्षार फुटतात आणि रंगाचे पोपडे निघतात. अशी पात्रे धुऊ नयेत. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी. अखंड झिलईचे पात्र कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती कापडाने पुसून लगेच कोरडे करावे. तडे असल्यास पाण्यात बुडवू नये. चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याची पूड तर नकोच.

पावसाळ्यात पात्र बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नये. बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. पात्र कानाला धरून न उचलता दोन्ही हातांनी बुडाशी आधार द्यावा. फुले ठेवायची असल्यास आत काचेची नळी बसवावी. रंगात किंवा झिलईत शिसे असू शकते; म्हणून शोभेच्या पात्रात लोणचे, ताक वा सरबत ठेवू नये. पात्र फुटलेच, तर सर्व तुकडे कागदात वेगवेगळे गुंडाळून जतन करावेत आणि तज्ज्ञाकडे न्यावेत. घाईने लावलेला झटपट चिकटणारा गोंद पुढील दुरुस्ती अवघड करतो.

कायदा काय सांगतो?
१९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते. ती खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही आणि तिच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो. म्हणून परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे ‘घरचे जुने भांडे’ पाठविण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी. प्रतिकृतीचे नुकसान पुढच्या सहलीत भरून निघेल. मुंबईच्या त्या पात्राचे भरून निघणार नाही.