अंतःप्रेरणा आणि हक्काचा शब्द : मन लावून काम करणारा माणूस गप्प का राहतो?

किनवट : नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, पैनगंगेच्या काठी सागवानाच्या जंगलात विखुरलेला किनवट तालुका. गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा समाजाच्या वाड्या-तांड्यांवर शासनाचे रूप म्हणजे बहुधा एकच व्यक्ती असते, ती म्हणजे अंगणवाडी सेविका. मुलांचे वजन घेणे, पोषण आहार देणे, गरोदर मातांच्या गृहभेटी, लसीकरणाला साहाय्य आणि शाळापूर्व शिक्षण ही कामे ती करते. अशा कामाला आतून ओढ असावी लागते. मात्र ज्याला ही ओढ असते, तोच स्वतःच्या हक्काविषयी बोलायला अनेकदा कचरतो. अंतःप्रेरणा आणि स्वतःसाठी ठामपणे बोलणे यांचे नाते नेमके काय, याचा हा आढावा.

प्रेरणेचे दोन प्रकार

मानसशास्त्रात प्रेरणेचे ढोबळमानाने दोन प्रकार मानतात. पगार, बढती, शाबासकी किंवा शिक्षेची भीती यांतून येते ती बाह्य प्रेरणा. कामातच गोडी वाटते, ते अर्थपूर्ण वाटते म्हणून माणूस करतो, ती अंतःप्रेरणा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला देऊन एक प्रयोग केला. ज्यांना कोडी सोडवण्याचे पैसे दिले होते, त्यांनी पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांकडे कमी लक्ष दिले. बाहेरचे आमिष आतली गोडी कमी करू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता.

पुढे डेसी व रिचर्ड रायन यांनी अंतःप्रेरणा टिकण्यासाठी तीन गरजा सांगितल्या : आपल्या कामावर आपला काही अधिकार असणे, आपल्याला ते जमते आहे ही जाणीव आणि सोबतच्या माणसांशी आपुलकीचे नाते. यातील पहिली गरज येथे महत्त्वाची आहे. आपल्या कामाबद्दल ज्याला काही बोलताच येत नाही, त्याचा त्या कामावर अधिकार कसा राहणार? म्हणजे बोलण्याची मुभा ही अंतःप्रेरणेची एक अट ठरते.

प्रेरणा असूनही मौन

असे असताना मन लावून काम करणारी माणसे गप्प का राहतात? पहिले कारण भीतीचे आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधोपचारांच्या चुकांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या विभागांचे प्रमुख मोकळे होते, तेथे चुकांची नोंद जास्त आढळली. तेथील परिचारिका कमी कुशल नव्हत्या. चूक सांगितली तर डोक्यावर खापर फुटणार नाही, एवढा विश्वास त्यांना होता. इतरत्र चुका होत होत्या, पण झाकल्या जात होत्या.

दुसरे कारण भाषेचे आणि पायरीचे. किनवटसारख्या भागात घरी गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोली बोलणाऱ्या व्यक्तीला कार्यालयात प्रमाण मराठीत, तेही साहेबांसमोर, तक्रार मांडायची असते. म्हणणे खरे असूनही शब्द अडतात. मग 'राहू द्या, काम तर करायचेच आहे' असे म्हणून विषय संपतो.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. कामाची आवड हीच माणसाविरुद्ध वापरली जाते. ज्यांना कामाची आवड आहे त्यांच्याकडून जादा, विनामोबदला किंवा कामाशी संबंध नसलेले श्रम करून घेणे लोकांना अधिक योग्य वाटते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात दिसून आले. 'त्याला आवडतेच ना,' हा त्यामागचा युक्तिवाद. आपल्या कार्यालयांतही हे वाक्य अनोळखी नाही.

'सेवा' आणि 'मानधन'

या तिसऱ्या कारणाचे सर्वांत ठळक उदाहरण अंगणवाडीचे आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तीत काम करणाऱ्या महिलेला 'सेविका' आणि तिच्या मोबदल्याला 'मानधन' म्हटले गेले. शब्द आदराचे आहेत. पण सेवा करणाऱ्याने मागणी करू नये आणि मानधनाची वेतनाशी तुलना करू नये, असा अर्थही त्यांतून निघत गेला. अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करीत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. त्यानंतर २५ एप्रिल २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने या महिलांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो, असा निर्णय गुजरातमधील एका प्रकरणात दिला. दोन निर्णयांमधील सोळा वर्षांत काम फारसे बदलले नव्हते. त्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली, ती या महिला बोलत राहिल्या म्हणून.

मोबाइल परत केले तेव्हा

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल संच परत करण्याचे आंदोलन केले. संच जुने व कमी क्षमतेचे होते, वारंवार बंद पडत, दुरुस्तीचा खर्च अंगावर येई आणि 'पोषण ट्रॅकर'मध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागे, अशा तक्रारी होत्या. वरवर पाहता हा काम टाळण्याचा प्रकार वाटेल. प्रत्यक्षात त्यांचे म्हणणे होते की, आम्हाला काम नीट करायचे आहे, पण हे साधन ते करू देत नाही. येथे तक्रारीचे मूळ कामाच्या आस्थेतच होते. ४ डिसेंबर २०२३ पासून मानधनवाढ, निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटीसाठी राज्यात झालेला त्यांचा संप पन्नासहून अधिक दिवस चालला.

ही परंपरा जुनी आहे. गिरणीत नोकरी केलेले आणि 'दीनबंधू'चे संपादक असलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचे निवेदन तयार केले. २४ एप्रिल १८९० रोजी झालेल्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन महिला कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला रविवारची साप्ताहिक सुटी मान्य झाली. आज गृहीत धरलेला हा विसावा कोणीतरी मागितला म्हणून मिळाला.

ठामपणा म्हणजे भांडण नव्हे

रॉबर्ट अल्बर्टी व मायकेल एमन्स यांनी १९७० मध्ये वागण्याचे तीन प्रकार मांडले : दबून वागणे, आक्रमक वागणे आणि ठाम वागणे. दबून वागणारा स्वतःचा हक्क सोडतो, आक्रमक माणूस दुसऱ्याचा हक्क तुडवतो, तर ठाम माणूस दोहोंचा मान राखून आपले म्हणणे मांडतो. 'तुम्ही नेहमी मलाच राबवता' हे आरोपाचे वाक्य झाले. 'या महिन्यात माझ्याकडे दोन केंद्रांचा कार्यभार आहे, त्यामुळे गृहभेटी अपुऱ्या राहतात. पर्यायी व्यवस्था करावी' हे ठाम वाक्य आहे. त्यात वस्तुस्थिती, परिणाम आणि मागणी या तिन्ही गोष्टी आहेत.

बोलण्यापूर्वी लक्षात ठेवावे असे

* मागणी कामाशी जोडून मांडावी. अडचणीचा लाभार्थी, विद्यार्थी किंवा ग्राहक यांच्यावर होणारा परिणाम सांगितल्यास ऐकून घेतले जाण्याची शक्यता वाढते.

* तोंडी सांगून न भागल्यास लेखी अर्ज द्यावा, आवक क्रमांकासह पोच घ्यावी व स्वतःजवळ प्रत ठेवावी. नेमून दिलेल्या कामाबाहेरचे काम सांगितल्यास लेखी आदेश मागावा.

* मोबदला किंवा सेवाशर्ती यांसारखे प्रश्न सहकाऱ्यांसोबत वा संघटनेमार्फत मांडावेत. एकट्यावर रोष येण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.

* कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्यास २०१३ च्या कायद्यानुसार तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या महिलांसाठी जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीची तरतूद आहे.

जबाबदारी मात्र केवळ बोलणाऱ्याची नाही. पर्यवेक्षक, मुख्याध्यापक किंवा अधिकारी यांनी आढावा बैठकीत आकडे विचारण्याबरोबरच 'अडचण काय आहे?' हेही विचारावे आणि उत्तर देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागू नये. तक्रार करणारा माणूस कामाला कंटाळलेलाच असतो, हा समज चुकीचा आहे. ज्याने कामावरची आस्था सोडली, तो बहुधा तक्रारही सोडून देतो आणि केवळ रकाने भरतो. दूरच्या पाड्यावरून अर्ज घेऊन तालुक्याला आलेल्या सेविकेकडे या दृष्टीने पाहिले, तर तिच्या अर्जात गाऱ्हाण्याइतकीच कामाविषयीची कळकळही दिसेल.