थ्रेड: नॉनॉक्सिनॉल-९, एचआयव्ही आणि गडचिरोलीचा एक अभ्यास

१/ जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन सात वर्षेही झाली नव्हती. अभ्यास 'सर्च' संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा होता.

२/ तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. त्यांतील सुमारे निम्मे आजार जननमार्गाच्या संसर्गाचे होते. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. आरोग्यव्यवस्थेला ग्रामीण स्त्री तोवर प्रामुख्याने बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपुरतीच दिसत होती.

३/ भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ साली चेन्नईत आढळला. कंडोम हा प्रभावी उपाय होता, परंतु तो वापरायचा की नाही हे पुरुष ठरवीत असे. स्त्रीच्या स्वतःच्या हाती राहील असे साधन हवे होते. शास्त्रज्ञांची दृष्टी शुक्रजंतुनाशकांकडे वळली.

४/ गर्भधारणा आणि गुप्तरोग या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार मराठी वाचकांना नवा नव्हता. १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढणाऱ्या र. धों. कर्वे यांनी दोन्ही विषयांवर निर्भीडपणे लिहिले होते. आता एकाच रसायनाकडून दोन्ही कामांची अपेक्षा होती.

५/ ते रसायन म्हणजे नॉनॉक्सिनॉल-९. जेली, फेसाळणाऱ्या गोळ्या, स्पंज आणि काही कंडोमांवरील वंगण यांत ते वापरले जाई. मूलतः ते साबणासारखे द्रव्य आहे. शुक्रजंतूचे पटल ते विरघळवते. एचआयव्हीभोवतीही मेदाचे आवरण असते. १९८५ साली प्रयोगशाळेत या रसायनाने विषाणू निष्प्रभ झाला आणि आशा बळावली.

६/ पहिली शंका नैरोबीत आली. तेथील वारांगनांमध्ये या रसायनाच्या स्पंजाची चाचणी झाली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संसर्ग रोखला गेला नव्हता, उलट जननेंद्रियांवरील व्रण वाढले होते.

७/ निर्णायक चाचणी बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड येथे झाली. तिचे निष्कर्ष २००० साली डर्बनच्या एड्स परिषदेत मांडले गेले. अंतिम विश्लेषणात नॉनॉक्सिनॉल-९ जेल वापरणाऱ्या ३७६ स्त्रियांपैकी ५९ जणींना, तर औषधविरहित जेल वापरणाऱ्या ३८९ पैकी ४५ जणींना एचआयव्हीची लागण झाली होती. वारंवार वापर करणाऱ्यांमध्ये धोका जवळपास दुप्पट होता.

८/ असे का घडले? हे द्रव्य विषाणूचे आवरण आणि योनीच्या अंतस्त्वचेच्या पेशी यांत भेद करीत नाही. वारंवार वापराने त्वचेला सूक्ष्म इजा होते, दाह होतो आणि विषाणूला वाट मिळते. गुदद्वाराच्या नाजूक अंतस्त्वचेला तर ते अधिकच घातक ठरते.

९/ यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीपासून बचावासाठी नॉनॉक्सिनॉल-९ वापरू नये असे सांगितले. हे रसायन लावलेला कंडोम साध्या वंगणाच्या कंडोमहून अधिक सुरक्षित नसतो. मात्र कंडोमच न वापरण्यापेक्षा तो निश्चितच बरा. वंगण पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारित असावे. खोबरेल तेल वा व्हॅसलीन यांनी लॅटेक्स कमकुवत होऊन कंडोम फाटू शकतो.

१०/ पुढे पुण्यात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत 'प्रो २०००' आणि टेनोफोव्हिर या जेलांच्या चाचण्या झाल्या. तेव्हा प्रथम तपासली गेली ती सुरक्षितता: अंतस्त्वचेला दाह होतो का, व्रण उठतात का.

११/ परीक्षानळीत विषाणू होता, स्त्रीचे शरीर नव्हते. जननमार्गाचा दाह आणि व्रण एचआयव्हीचा धोका वाढवतात. असे संसर्ग किती स्त्रिया निमूटपणे सोसतात, हे गडचिरोलीच्या अभ्यासाने डर्बनच्या अकरा वर्षे आधीच जगापुढे ठेवले होते. संरक्षणाचे साधन शोधण्यापूर्वी ज्या शरीरात ते वापरायचे, त्याची तपासणी व्हायला हवी, हा त्या दोन खेड्यांचा धडा आजही तितकाच लागू आहे.