दिमागाचा झाडू आणि परळची बरणी

युनानी हकीम उस्तुखुद्दूस या वनस्पतीला 'जारूब-ए-दिमाग' म्हणतात. जारूब म्हणजे झाडू. डोक्यात साचलेला कचरा झाडून काढणारी म्हणून हे नाव. ज्याला आजचे डॉक्टर 'ब्रेन फॉग' म्हणतात, त्याच्यासाठी इतकं नेमकं नाव मला दुसऱ्या कुठल्या वैद्यकात सापडलेलं नाही.

आमच्या जुने शहरात, असदगडाच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये, या तक्रारीला 'दिमाग सुन्न होना' किंवा नुसतंच 'कमजोरी' म्हणतात. घरातली बाई सांगते, सर भारी है, बात याद नहीं रहती, खडे-खडे थक जाती हूँ. मग कोणी खमीरा आणतं, कोणी रात्री पाच बदाम भिजत घालतं. हल्ली मेडिकलवाला चकचकीत डबी पुढे करतो. तिच्यावर मेंदूचं चित्र असतं आणि आत ब्राह्मी, जिन्को, बी-12, जस्त असं सगळं एकत्र कोंबलेलं असतं. डबीची किंमत बघून बाई म्हणते, राहू दे, मला काही झालेलं नाही.

या डबीचा इतिहास सांगायचा आहे. त्यातलं एक मोठं पान आपल्याच राज्यात, मुंबईत, लिहिलं गेलं, आणि ते गरीब मुसलमान बायकांच्या रक्तातून लिहिलं गेलं. हे आपल्यातल्या फार कमी लोकांना ठाऊक आहे.

आधी हकिमांचं बघू. जालीनूस म्हणजे गेलेन, आणि त्याच्यामागून इब्न सीना (मृत्यू 1037). यांच्या वैद्यकात मेंदूतल्या पोकळ्यांना वेगवेगळी कामं वाटून दिलेली होती आणि स्मरणशक्ती मागच्या पोकळीत राहते असं मानलं जाई. विसरभोळेपणाचं मुख्य कारण म्हणजे मेंदूचा मिजाज थंड आणि ओला होणं, बलगम वाढणं. म्हणून औषध उष्ण आणि कोरडं हवं. उस्तुखुद्दूस त्या हिशेबात बसतं. ते घालून केलेल्या इत्रिफलाचं नाव तर आपल्या त्रिफळ्यावरूनच आलं. हिंदुस्थानी शब्द अरबीत गेला आणि अरबी वेष घालून आपल्याच पंसाऱ्याच्या दुकानात परत आला. कोणाचं वैद्यक कोणाचं, यावर भांडणाऱ्यांनी एकदा ती बाटली हातात घेऊन वाचावी.

पोकळ्यांचा सिद्धांत टिकला नाही. पण डोकं जड होणं हा बाईचा नखरा नाही, शरीरात काहीतरी बिघडल्याची ती खूण आहे, हे त्या हकिमांनी मानलं होतं. पुढच्या काळातल्या पुष्कळ शिकलेल्या लोकांनी तेवढंही मानलं नाही.

आता मुंबई, 1928. लुसी विल्स ही चाळिशीची इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. तिला शोधायचं होतं की मुंबईतल्या इतक्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक का पडतात आणि त्यातल्या कित्येक मरतात का. हा साधा लोहाचा पांडुरोग नव्हता. या बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी होत्या. युरोपात 'पर्निशियस ॲनिमिया' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजाराशी हे मिळतंजुळतं होतं. तो आजार यकृत खाऊ घातल्याने बरा होतो हे मायनॉट आणि मर्फी यांनी 1926 मध्ये दाखवलं होतं, आणि 1934 मध्ये त्यांना नोबेलही मिळालं.

विल्सने नुसत्या रक्ताच्या काचा तपासल्या नाहीत. एस. एन. तळपदे यांच्यासोबत तिने मुंबईच्या बायका काय खातात आणि कशा राहतात याची पाहणी केली. ती 1930 मध्ये छापली गेली. वेगवेगळ्या थरांतल्या बायकांची ताटं शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्यावर दिसलं की सगळ्यात निकृष्ट ताट गरीब मुसलमान बाईचं होतं आणि आजारही तिलाच सगळ्यात जास्त होत होता.

हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच्यावर थांबलो. आपल्या समाजावरच्या अहवालांची आपल्याला सवय आहे, पण हा त्या सगळ्यांच्या आधीचा आहे आणि तो ताटाबद्दल बोलतो.

मग प्रयोग. तसंच जेवण उंदरांना दिलं, तेही पांढरे पडले. पुढे कळलं की उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून पसरलेल्या संसर्गानं निकालात घोळ घातला होता. म्हणून माकडांवर पुन्हा सुरुवात केली. अखेर जे लागू पडलं ते इंग्रजांच्या न्याहारीच्या टेबलावरचं होतं: मार्माइट, पावाला लावायचा काळपट, खारट यीस्टचा अर्क. यकृताचा अर्क महाग होता, हा स्वस्त होता. बायकांना तो दिल्यावर काही दिवसांतच भूक परतली आणि नव्या तांबड्या पेशी तयार होऊ लागल्या. 1931 मध्ये विल्सने हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं.

(मार्माइट बीअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून बनतं. त्या बायकांना हे कोणी सांगितलं होतं का, आणि सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हा प्रश्न माझ्या मनात येतो. जीव वाचवण्याच्या वेळी शरीअत किती सवलत देते हे आलिमांना विचारा. आजच्या बी-12 बद्दल एवढंच सांगतो की ते जिवाणूंकडून आंबवून बनवतात. खटका असेल तर तो कॅप्सूलच्या जिलेटीनचा असतो, आणि साधी गोळीही मिळते.)

या कथेतला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा धागा पुढे आहे. यकृताचा शुद्ध केलेला अर्क पर्निशियस ॲनिमियाला बरा करी, पण या बायकांवर तो चालत नसे. कच्चा अर्क मात्र चाले, आणि मार्माइट चाले. म्हणजे कमतरता दोन वेगवेगळ्या वस्तूंची होती. जी या बायकांत कमी होती तिला बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. 1941 मध्ये ती पालकाच्या पानांतून वेगळी काढली गेली, तिला फॉलिक ॲसिड नाव मिळालं, आणि आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या हाताखालच्या चमूने अमेरिकेत ती प्रयोगशाळेत बनवली. दुसरी वस्तू म्हणजे बी-12. ती 1948 मध्ये हाती लागली आणि डोरोथी हॉजकिनने तिची रचना उलगडली.

आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, आम्ही गोश्त खातो, आम्हाला कशाची कमतरता? परळच्या त्या बायकांनी याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. फॉलेट गोश्तात थोडंच असतं. कलेजी सोडली तर ते हिरव्या पालेभाज्यांत, डाळींत, हरभऱ्यात असतं, आणि फार शिजवलं की नष्ट होतं. बी-12 मात्र गोश्त, अंडी आणि दुधातच. पण गोश्त घरात येणं आणि ते घरातल्या बाईच्या ताटात पडणं यात अंतर आहे. बोट्या आधी कोणाला वाढल्या जातात आणि शेवटी भगोन्यात काय उरतं, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता हे सगळं मेंदूशी कुठे जुळतं ते बघू. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण एकूण ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. रक्त पातळ झालं की झळ त्यालाही लागते. शिवाय डोपामीन आणि सेरोटोनिन ही मेंदूतली निरोप पोचवणारी रसायनं ज्या एन्झाइममुळे बनतात, त्यांना लोह लागतं. फॉलेट आणि बी-12 जोडीनं काम करतात. दोघं मिळून होमोसिस्टीन या पदार्थाचं मेथिओनिन करतात, आणि त्यातून पुढे जे बनतं ते मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण राखायला लागतं. हे आवरण म्हणजे विजेच्या तारेवरचं प्लास्टिक. ते झिजलं की पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, नावं आठवत नाहीत, चिडचिड वाढते, आणि प्रकरण फार पुढे गेलं तर भ्रमही होतो. 1960 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखाचं शीर्षकच 'मेगॅलोब्लास्टिक मॅडनेस' होतं: मोठ्या पेशींच्या पांडुरोगातून आलेलं वेडेपण. त्यातल्या किती जणांना आपल्याकडे एखाद्या दर्ग्यावर नेऊन बसवलं असतं, असं वाटून जातं.

इतिहासाने एक चटकाही दिला. फॉलिक ॲसिड बाजारात आलं तेव्हा पर्निशियस ॲनिमियाच्या रोग्यांनाही ते दिलं गेलं. रक्त सुधारलं, गाल लाल झाले, डॉक्टर खूश झाले. आणि आत मज्जातंतूंची झीज चालूच राहिली, काहींची तर वाढली. कारण त्यांच्यात कमी होतं ते बी-12. रक्ताने खोटी साक्ष दिली. म्हणून नुसतं 'खून की गोली' घेऊन समाधान मानणं धोक्याचं आहे.

आपल्या राज्यात कमतरता आहे का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने 2006 मध्ये पुण्याच्या शहरी आणि ग्रामीण भागातल्या 441 पुरुषांचा अभ्यास छापला. 67 टक्क्यांत बी-12 कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात 81 टक्क्यांत. शाकाहारींना हा धोका 4.4 पट जास्त होता. त्याच पुण्यात 2008 मध्ये आणखी एक अभ्यास आला: गरोदरपणी ज्या आयांचं बी-12 कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि स्मरणाच्या काही चाचण्यांत मागे पडली. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना पांडुरोग निघाला. लुसी विल्स गेल्याला साठ वर्षं होऊन गेली, ताट मात्र फार बदललेलं नाही.

मग ती चकचकीत डबी? ज्याला कमतरता आहे त्याला बी-12, लोह, फॉलेट हे खरोखरचं औषध आहे. ज्याला नाही, त्याच्यासाठी चित्र वेगळं आहे. 2014 मध्ये 11 चाचण्यांतल्या सुमारे 22,000 लोकांची माहिती एकत्र केली गेली. बी जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरलं, पण वयाबरोबर होणारी बुद्धीची घसरण काही थांबली नाही. जिन्कोची 3,069 ज्येष्ठांवर वर्षानुवर्षं चाचणी झाली. 2008 मध्ये निकाल आला, स्मृतिभ्रंश टळला नाही. ब्राह्मीबद्दल थोडं बरं बोलता येतं. काही छोट्या चाचण्यांत तीनेक महिने घेतल्यावर आठवणीत किंचित सुधारणा दिसली. किंचित, जाहिरातीइतकी नाही. बदाम खा, चांगलेच आहेत, पण पाच बदामांत बी-12 नसतं.

मला या डब्यांचा राग येत नाही, त्या विकत घेण्याच्या क्रमाचा येतो. आधी महिनाभर डबी, मग दुसरी डबी, मग दम करून आणलेलं पाणी, आणि सगळ्यात शेवटी, तेही चक्कर येऊन पडल्यावर, सर्वोपचारमध्ये रक्ताची तपासणी. सीबीसी म्हणजे बोटभर रक्त. त्यात पेशींचा आकार कळतो, तोच जो विल्स परळला सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायची. शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर बी-12 मुद्दाम तपासून घ्यावं, कारण ती गोळी ते शोषू देत नाही. आमच्या गल्लीत मेटफॉर्मिन नसलेलं घर शोधावं लागेल. थायरॉइड, झोप आणि घरातला सततचा ताण ही कारणंही असतातच. त्यांच्यावर डबीही चालत नाही आणि मार्माइटही.

लुसी विल्स 1964 मध्ये वारली. आज जगभर गरोदर बायकांना फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. 1991 च्या एका मोठ्या चाचणीनंतर बाळाच्या मेंदूत आणि कण्यात जन्मतः येणारा दोष टाळण्यासाठीही ती दिली जाऊ लागली. अंगणवाडीची ताई जुने शहरात घरोघर जी लोह-फॉलिकची पट्टी देऊन जाते ती हीच. बहुतेक घरांत ती फडताळात, कुराणाच्या गिलाफाशेजारी, अर्धी उरलेली सापडते. पोट बिघडतं म्हणतात, काळं होतं म्हणतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो आणि काळं होणं हे लोहामुळे आहे, एवढं सांगितलं तरी बऱ्याच जणी उरलेली पट्टी संपवतात.